जाळं मोठं, माणूस लहान

मुंबईतल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. खरं तर रावसाचा आणि सॅमनचा काडीचाही संबंध नाही. सॅमन नदीच्या थंड, गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत परततो. पॅसिफिक महासागरातले सॅमन तर अंडी घालून झाली की तिथंच मरतात. रावस हा किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यातला मासा. भरतीबरोबर खाडीच्या तोंडाशी येईल, पण नदी चढून डोंगरात जाण्याच्या फंदात तो पडत नाही. त्याची गंमत वेगळीच आहे: तो आधी नर असतो आणि वाढत्या वयात मादी होतो.

नाव उसनं घेतलं की त्याच्या मागोमाग चित्रही उसनं येतं. 'सॅमन फिशिंग' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शरद ऋतूतली सकाळ, पाण्यावर धुकं, लालपिवळी झालेली झाडं, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला एकटा माणूस. हातात लांब लवचीक काठी, डोरीचा हवेत काढलेला लफ्फेदार आकार. रील्समध्ये हे दृश्य हजार वेळा पाहिलेलं असतं. ते आलं मात्र पुस्तकांतून. आयझॅक वॉल्टनचं 'द कम्प्लीट अँगलर' 1653 साली निघालं. मासेमारी म्हणजे चिंतनशील माणसाचा विरंगुळा, हे त्याच्या उपशीर्षकातच सांगून टाकलेलं आहे. हेमिंग्वेची 'बिग टू-हार्टेड रिव्हर' ही कथा 1925ची. नॉर्मन मॅक्लीनचं 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' 1976चं. त्यावरचा रॉबर्ट रेडफर्डचा सिनेमा 1992चा, आणि छायाचित्रणाचं ऑस्कर त्याला मिळालं. या गोष्टींतला मासा बहुतेकदा ट्राउट असतो, सॅमन नसतो, पण चित्र तेच. नदी, काठी आणि एक माणूस. मासा हे निमित्त. खरी शिकार स्वतःची चाललेली असते.

मला ही पुस्तकं आवडतात. हेमिंग्वेची ती कथा तर मी पुन्हा पुन्हा वाचतो. तरीही ती वाचताना एक प्रश्न सुटत नाही. आपल्याकडं मासेमारीचं असं मोठं, गंभीर, कलेच्या पातळीवरचं काम कुठं आहे? त्याचं मला सापडलेलं उत्तर पुस्तकात नाही. ते शेणानं सारवलेल्या कापडावर, पांढऱ्या रेषांत आहे. ते काम डहाणूच्या एका माणसानं केलं, आणि त्यात माणूस इतका लहान आहे की फोनच्या पडद्यावर तो दिसतच नाही.

०००

जिव्या सोमा मशे यांचा जन्म 1934चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सातव्या वर्षी आई गेली. त्यानंतर हा मुलगा बोलायचा थांबला आणि मातीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगू लागला, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. अकराव्या वर्षी ते डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्यात आले आणि तिथंच राहिले. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर पोहोचले. त्यांनी या भिंतींवरच्या चित्रांसाठी कागद पुढं केला. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मश्यांचं प्रदर्शन झालं. पुढं पॅरिसचं 1989चं 'मॅजिशियन्स द ला तेर', 2011 साली पद्मश्री, आणि 15 मे 2018 रोजी निधन. एवढा तपशील कुठंही सापडतो. त्यांच्या चित्रांबद्दल मात्र फार कमी लिहिलेलं सापडतं. बहुतेक लेख माणसाची कहाणी सांगून थांबतात.

त्यांची तारपा नाचाची चित्रं सगळ्यांना माहीत आहेत. नाचणाऱ्यांची गोल गोल फिरणारी ती रांग आता कॉफीच्या मगांवर, साड्यांच्या काठांवर आणि पुलाखालच्या खांबांवरही असते. मला बोलायचं आहे ते त्यांच्या जाळ्यांच्या चित्रांबद्दल. मासे पकडायचं जाळं हा विषय त्यांनी अनेक वर्षं, अनेक वेळा काढला. चित्र सांगायला सोपं आहे. कापडावर शेणाचा मातकट थर. त्यावर पांढऱ्या बारीक रेषांनी विणलेलं एक प्रचंड जाळं, चित्राचा बहुतेक भाग व्यापणारं. कडेला कुठंतरी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केलेली वारली माणसं. मासे. बस्स.

फोनवर हे चित्र आधी नुसतं राखाडी डागासारखं दिसतं. दोन बोटांनी ते मोठं करावं लागतं. मोठं करत गेलं की डागाच्या रेषा होतात, रेषांची घरं होतात, आणि मग लक्षात येतं की प्रत्येक घर वेगळं आहे. कुठं ताणलेलं, कुठं सैल, कुठं दाटीवाटीनं बसलेलं. छायाप्रकाश नाही, खोली दाखवायची कुठलीच युक्ती नाही. तरी जाळं फुगल्यासारखं वाटतं, आतून पाण्यानं ढकलल्यासारखं. हा फुगवटा फक्त घरांच्या लहानमोठेपणातून आलेला आहे. म्हणजे चित्रकारानं एकेक घर काढलं, मोजून काढलं, आणि पुढचं घर किती ओढायचं हे प्रत्येक वेळी ठरवलं. जाळं विणणारा माणूस हेच करतो. चित्र काढायला लागलेला वेळ आणि जाळं विणायला लागणारा वेळ हे इथं एकमेकांचे शेजारी आहेत. मासेमारीच्या कुठल्याही इंग्रजी कथेत काठी बनवणाऱ्याला एवढी जागा मिळालेली मला आठवत नाही.

०००

एकदा आश्विनात, डहाणूच्या खाडीकाठी, मी एका ओळखीच्या माणसाला पाग टाकताना बराच वेळ पाहत बसलो होतो. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचं वजन लावलेलं. टाकणारा जाळ्याचा एक भाग खांद्यावर घेतो, एक कड दातांत धरतो, कमरेत वळतो आणि सोडून देतो. जाळं हवेत उघडतं, क्षणभर पूर्ण गोल होतं, आणि पाण्यात बुडतं. पुढं सगळं हळू. दोरी ओढायची, चिखल धुवायचा, गुंतलेला पाला काढायचा, चार बोयटं मिळाली तर टोपलीत टाकायची, पुन्हा खांद्यावर घ्यायचं.

तेव्हा माझ्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. टाकणाऱ्याला त्याचं जाळं पूर्ण उघडलेलं कधीच नीट दिसत नाही. तो ते तिरकं पाहतो, आणि तेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मश्यांच्या चित्रात जाळं दिसतं तसं ते दिसायला वरून पाहायला हवं, म्हणजे घारीनं किंवा बगळ्यानं. नाहीतर खालून, म्हणजे माशानं. एक क्षणच टिकणारी आणि टाकणाऱ्यालाही न दिसणारी ती अवस्था मश्यांनी पकडून ठेवली आणि कापडभर पसरली.

काठीवाल्या परंपरेशी इथं खरा फरक पडतो. ती सगळी गोष्ट मासे पकडणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसते. नदी कशी आहे, तर त्याला वाटते तशी. मश्यांच्या चित्राला असा एक डोळा नाही. माणूसही जाळ्याच्या एका कडेला आणि मासाही. दोघांचं माप जवळपास सारखं. दोघांच्या मध्ये जे आहे तेच मोठं आहे.

या फरकामागं मासेमारीची पद्धतही आहे. गळ टाकायला एक माणूस पुरतो. जाळ्यासाठी विणणारा लागतो, ओढणारे लागतात, मासे वेचणारे आणि विकणाऱ्या बायका लागतात. डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील धरतात ते डोल जाळं तर भरतीओहोटीच्या प्रवाहात ठोकून उभं करावं लागतं. तिथं एकट्यादुकट्याचं काम नाही. झाई, बोर्डी, धाकटी डहाणू, वाढवण या किनारपट्टीवर समुद्र मांगेला आणि कोळ्यांचा. आत, डोंगराच्या बाजूला, ओढे, नद्या आणि भाताची खाचरं वारल्यांची. पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट चढून ओढ्यांत आणि शेतांत येतात, त्याला इकडं वलगण म्हणतात. दक्षिण कोकणात तेच चढणीचे मासे. सॅमनच्या चढणीची आपली आवृत्ती हीच म्हणायची, फक्त ती शरदात नाही, मृगात असते. शरदात आपल्याकडं उलटा प्रकार. पाणी उतरतं, नद्या निवळतात, आणि त्या उतरत्या पाण्यात जाळी लागतात. भाताची कापणी तोंडावर असते. त्यामुळं मासे धरायला जाणं ही 'ट्रिप' नसते, दोन कामांच्या मधलं तिसरं काम असतं. त्यात मजा नसते असं मात्र कुणी समजू नये. गुडघाभर पाण्यात पोरांचा जो दंगा चालतो तो पाहिलेल्याला हे सांगावं लागणार नाही.

०००

आता थोडं भिंतीकडं वळतो, कारण जाळ्याचं मूळ मला तिथं दिसतं.

वारली चित्रकला मुळात लग्नाची. लग्नघराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा, तो सवाशिणींनी. चौकात पालघट देवी. तिच्याभोवती चौरस, आणि चौरसाच्या कडेनं बारीक नक्षीच्या पट्ट्या: साखळ्या, नागमोडी रेषा, तिरप्या जाळीदार पट्ट्या. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लागतं. चौकाशिवाय लग्न नाही.

चौकाची कड आणि मश्यांचं जाळं शेजारी ठेवून पाहा. हात तोच आहे. एका रेषेवर दुसरी रेषा तिरपी घालत जाण्याची, एक घर सोडून दुसरं भरण्याची ती सवय चौकाच्या कडेवर तयार झालेली आहे. फक्त चौकात ही नक्षी देवीला सांभाळत चारी बाजूंनी उभी असते. मश्यांच्या चित्रात मधली देवी नाही, चौरस मोडलाय, आणि कडेची नक्षी स्वतःच सगळीकडं पसरलीय. माझ्या मते जाळं म्हणजे घरातून उचलून नदीवर नेलेला चौक. पवित्र जागेचं काम तिथं देवीऐवजी विणीनं, म्हणजे माणसांच्या एकमेकांत अडकलेल्या कामानं, पत्करलंय.

या वाचनाला एक बोचरी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चौक बायकांचा होता. कागद आला, बाजार आला, आणि पुढं आलेली नावं मुख्यतः पुरुषांची. मश्यांनी लग्नाशिवाय, रोज, स्वतःसाठी चित्र काढायला सुरुवात केली. त्यांचं मोठेपण त्यातच आहे. पण ज्या सवाशिणींच्या हातांनी ती जाळीदार पट्टी पिढ्यान् पिढ्या घडवली, त्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाहीत. जाळ्याच्या चित्रात माणसं लहान असतात, हे मी कौतुकानं म्हणतो. काही माणसं चित्राबाहेरच राहिली, हेही त्याच दमात म्हणायला हवं.

०००

मश्यांच्या जाळ्यांकडं पाहण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली म्हणते: आदिवासी निसर्गाशी एकरूप असतो, म्हणून चित्रात माणूस लहान आणि नदी मोठी. दुसरी म्हणते: हे तर थेट आधुनिक अमूर्त चित्र आहे, युरोपातल्या अमक्या-तमक्याच्या तोडीचं. 2003 साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात मश्यांची चित्रं ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारी मांडली गेली, तेव्हा या दुसऱ्या पद्धतीला बळच मिळालं. दोन्ही पद्धती चित्राची स्तुतीच करतात. पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत आहे: या चित्राला इतिहास नाही.

इथं मला हेमिंग्वेची ती कथा पुन्हा काढावी लागते. तिच्यात निक नावाचा तरुण एकटा मिशिगनच्या जंगलात जातो, तंबू ठोकतो, कॉफी करतो, ट्राउट पकडतो. बाकी काही घडत नाही. तो महायुद्धावरून परत आलाय, हे कथेत सांगितलेलंच नाही. तरी गेली कित्येक दशकं समीक्षक ही कथा युद्धाची म्हणूनच वाचतात. जे लिहिलं नाही तेच तिचं वजन आहे, असं आपल्याला वर्गात शिकवलं जातं. ते बरोबरही आहे.

मग मश्यांच्या चित्रात जे काढलं नाही त्याला आपण वजन का देत नाही?

मशे अकरा वर्षांचे होऊन कळंबीपाड्यात आले ते साल हिशेबानं 1945च्या आसपासचं. त्याच 1945च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगारी करणार नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. गोदावरीबाईंनी पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहिलं. त्याला 1972 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारल्यांमध्ये ज्यांना लग्नगडी म्हणत, त्यांची हकिगत त्यात आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोनं त्याच्याकडं राबायचं, वर्षानुवर्षं.

लग्नगडी हा शब्द चौकाशेजारी ठेवा. ज्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक काढत होत्या, त्याच भिंतीआड एका जोडप्याची गुलामी सुरू होत होती. चित्रात ती नाही. चित्रात देवी आहे, घोडा आहे, झाडं आहेत, नाचणारी माणसं आहेत. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक म्हणजे, चित्र काढणाऱ्यांना आपलं दुःख कळत नव्हतं. हे मला अशक्य वाटतं. दुसरा म्हणजे, काय काढायचं आणि काय काढायचं नाही याचा निर्णय त्यांनी घेतलेला होता. जमीनदाराला भिंतीवर जागा द्यायची नाही, एवढी एकच सत्ता ज्यांच्या हातात होती त्यांनी ती वापरली.

मश्यांच्या जाळ्यात सावकार नाही, फॉरेस्टचा गार्ड नाही, ठेकेदार नाही. फक्त पाणी, मासे, जाळं, आणि जाळ्याला धरून असलेली माणसं. हेमिंग्वेचं न लिहिणं ज्या गांभीर्यानं आपण वाचतो त्याच गांभीर्यानं हे न काढणं वाचलं, तर चित्र भाबडं उरत नाही. त्यात एक दावा दिसू लागतो. ही नदी अशी आहे. हिच्यात ही माणसं आहेत. बाकीच्यांचा इथं काही संबंध नाही.

०००

काठी विरुद्ध जाळं हा वाद मी उगाच उकरून काढत नाहीये. खुद्द सॅमनच्या देशात त्यावर तुरुंग भरले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात निस्क्वाली नदीवर बिली फ्रँक ज्युनिअर हा चौदा वर्षांचा मुलगा सॅमनसाठी जाळं लावतो म्हणून पहिल्यांदा अटकेत गेला, तेही 1945 सालीच. त्याच्या जमातीला करारानं मासेमारीचा हक्क मिळालेला होता. राज्य सरकारला तो मान्य नव्हता, आणि काठीनं हौसेची मासेमारी करणाऱ्या अनेकांनाही नव्हता. त्यांचं म्हणणं, जाळी मासे संपवतात. पुढच्या वर्षांत तो पन्नासहून जास्त वेळा पकडला गेला. शेवटी 1974 साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा या जमातींचा.

म्हणजे धुक्यातला तो एकटा, चिंतनशील माणूस जितका निरागस दिसतो तितका नसतो. नदी त्याच्या एकांतासाठी रिकामी करून घेतलेली असू शकते. मॅक्लीन-हेमिंग्वे याला जबाबदार आहेत असं मी म्हणत नाही. चांगली कथा चांगलीच राहते. पण तिच्यातली नदी इतकी मोकळी कशी, हा प्रश्न मश्यांचं जाळं पाहिल्यावर मला टाळता येत नाही.

आणि तोच प्रश्न उलटून मश्यांनाही विचारावा लागतो. त्यांच्या चित्रातली नदी भरलेली आहे. बाहेरच्या नदीचं काय? सूर्या नदीवर धामणीचं धरण बांधलं ते याच भागातल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून. आता त्या पाण्याचा मोठा वाटा नळानं वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला जातो. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून 1991 साली घोषित झाला. त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून 2024मध्ये मंजुरी दिली, खर्च 76,220 कोटी रुपये, आणि ऑगस्टअखेर पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार बंदराला विरोध करत आलेत. विकास हवा की मासे, असा प्रश्न टीव्हीवर विचारला जातो. त्यातला 'मासे' हा शब्द ऐकताना प्रत्येक वेळी वाटतं, की मासे म्हणजे नेमकं काय, हे विचारणाऱ्यानं कधी मोठं करून पाहिलेलंच नाही. मासे म्हणजे जाळं. म्हणजे विणणारा, ओढणारे, बर्फवाला, टोपली घेऊन लोकलनं जाणारी बाई. एक गाठ सुटली की शेजारची सैल पडते. मश्यांनी हे कुठल्याही घोषणेशिवाय काढून ठेवलंय.

मश्यांची मर्यादाही इथंच. त्यांच्या चित्रात वीण तुटलेली सहसा दिसत नाही. जाळं फुगतं, ताणतं, पण अखंड राहतं. पुढच्या पिढीतल्या गंजाडच्या राजेश वंगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका केली, तेव्हा ही अडचण त्यांच्या पुढ्यात होती. गिल यांनी काढलेल्या कृष्णधवल फोटोंवर वंगड वारली रेषांनी चित्र भरतात. फोटोत आजचं गाव, रोडावलेलं रान. रेषेत त्या जागेच्या आठवणी, कथा, संकटं. फोटो आणि रेषा यांच्यात जी फट उरते तिच्यात तुटलेपण दिसतं. मला वंगडांचं काम मश्यांच्या जाळ्याला दिलेलं उत्तर वाटतं. मशे सांगतात काय जोडलेलं होतं, वंगड दाखवतात ते आता कुठं उभं आहे.

मश्यांच्या सगळ्याच जाळ्यांत सारखा जोर आहे, असंही नाही. मागणी वाढली की विषय परत परत येतो आणि हात सरावतो. काही जाळी नुसती नक्षी झालेली आहेत. त्यांत घरांचा लहानमोठेपणा सवयीनं आलाय, पाण्याच्या दाबानं आलेला नाही. ओळखायची एक साधी खूण मी वापरतो. चांगल्या चित्रात जाळ्याला वजन असतं, आणि ते नजरेला खाली ओढतं. फिक्या चित्रात ते भिंतीवर टांगलेल्या पडद्यासारखं सपाट राहतं. दुकानातल्या कापडी पिशव्यांवर छापलेली जाळी या दुसऱ्या जातीची. त्यातून एक मासासुद्धा अडकणार नाही.

०००

मग हे चित्र पाहायचं कसं? माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी ते फोनवर समोर आलं तर लगेच वर सरकवू नका. आधी मोठं करा. एका कोपऱ्यातून सुरुवात करून पन्नासेक घरं मोजा. कंटाळा येईल, तो येऊ द्या, विणणाऱ्यालाही येतो. मग कडेला जा आणि माणूस शोधा. तो सापडला की त्याच्या हाताला धरून जाळं कुठवर गेलंय ते पाहा. आणि मग 'आदिवासी कला किती साधी असते ना', हे वाक्य कुणी बोललं तर त्याला विचारा, या चित्रात सावकार का नाही.

मासेमारीवरचं आपलं मोठं काम कुठं आहे, हा माझा प्रश्न होता. ते डहाणू-तलासरीत तयार झालं, शेणाच्या थरावर, गाठीमागून गाठ घालत. त्याला समीक्षेनं आजवर 'लोककला' म्हणून शाबासकी दिली आणि शोभेच्या वस्तूंत नेऊन ठेवलं. ते हेमिंग्वेच्या कथेशेजारी, त्याच शेल्फावर ठेवून वाचायला हवं, तितकेच अवघड प्रश्न विचारत. आणि ते नुसतं संग्रहालयाच्या भिंतीवर वाचून भागणार नाही. ज्या पाण्यावरून ती वीण घेतली, ते धामणीपासून धाकट्या डहाणूपर्यंत अजून वाहतंय, आणि त्याचं पुढं काय करायचं याचे निर्णय आत्ता होत आहेत. त्या निर्णयांत जाळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या लहान माणसांना मोजलं जाणार की नाही, यावर या चित्राचा अर्थ पुढच्या वाचकाला कसा लागेल हेही ठरणार आहे.